नाजूकरावला परत आणण्याबाबत

अश्विनीचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा तिनं ते आधी फ्रिजवर ठेवलं, मग टीव्हीवर, मग तांदळाच्या डब्यावर, आणि प्रत्येक वेळी दाराबाहेर जाऊन, परत आत येऊन, ते कसं दिसतं हे पाहिलं. सगळीकडे बरं दिसत होतं. तांदळाच्या डब्यावर जरा जास्तच.

नोकरी म्हणाल तर ती संगमनेरच्या एका डेअरीत दुधाचं फॅट तपासायची. दिवसभर नमुने बघायचे, आकडे भरायचे आणि दोन आकड्यांच्या मधल्या वेळात पाणघोड्याचा विचार करायचा. पाणघोड्याचा विचार करावा असं तिच्या नेमणूकपत्रात लिहिलेलं नव्हतं, पण करू नये असंही लिहिलेलं नव्हतं.

पुस्तकाचं नाव ‘नाजूकराव गतिरोधक’. प्रवरेला पूर येतो, ओसरतो, आणि पुलाखाली एक पाणघोडा उरतो. तोच नाजूकराव. कुठून आला हे कोणी विचारत नाही, कारण जो तो आपापल्या घरातला गाळ काढत असतो. एक दिवस तो ऊन खायला नाशिक-पुणे रस्त्यावर आडवा होतो आणि त्या रस्त्यावरच्या गाड्या आयुष्यात पहिल्यांदा हळू होतात. झालं. गाव त्याला गतिरोधक म्हणून कामावर घेतं, पाठीवर पिवळे पट्टे मारतं आणि अंधारात दिसावा म्हणून ठकी नावाची पांढरी कोंबडी वर बसवतं. असं सगळं झकास चाललेलं असताना शेवटच्या पानावर नाजूकरावला आफ्रिकेची आठवण येते. तो मुंबईला जातो, बोटीत बसतो आणि निघून जातो. समाप्त.

हे शेवटचं पान असं का, हे फक्त अश्विनीला माहीत होतं. पुस्तक अठ्ठेचाळीस पानांचं होतं, सोळा पानांचा एक फॉर्म असे तीन फॉर्म, आणि गोष्टीचं शेवटचं पान आलं तेव्हा पुढं काय करायचं हे तिला सुचलेलं नव्हतं. ज्याचं काय करायचं ते सुचत नाही, त्याला आफ्रिकेला पाठवता येतं. तिनं पाठवलं.

पुस्तकाच्या दुकानांतून बोलावणी येऊ लागली. या, मुलांना वाचून दाखवा, पुस्तकांवर सह्या करा. पहिलं बोलावणं संगमनेरच्याच राधाकृष्णकाकांचं होतं. काका एका विकास सोसायटीत एकतीस वर्षं सचिव होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुस्तकांचं दुकान काढलं, पण सचिवपण काही निवृत्त झालं नाही. दहापेक्षा जास्त माणसं एका जागी बसली की ती सभा, आणि सभा म्हटली की विषयपत्रिका, असा त्यांचा हिशेब.

रविवारी चार वाजता अश्विनी दुकानात पोचली तेव्हा नऊ मुलं चटईवर बसली होती. काकांनी चष्मा लावून ती दोनदा मोजली.

“गणपूर्ती नाही,” ते म्हणाले. “सभा अर्धा तास तहकूब. अर्ध्या तासानंतर याच ठिकाणी भरेल. तेव्हा गणपूर्तीची गरज राहणार नाही.”

“काका, आहेत तेवढ्यांना वाचून दाखवते की!”

“बेकायदेशीर होईल, ताई.”

मग नऊ मुलं, काका आणि लेखिका असे सगळे अर्धा तास समोरासमोर बसून राहिले. कोणी हललं नाही. साडेचार वाजता काकांनी तीच सभा पुन्हा सुरू केली. तोवर आणखी चौतीस मुलं येऊन बसली होती. ती अश्विनीनं तीनदा मोजली.

अध्यक्ष म्हणून गोरक्षनाथ नावाच्या सहा वर्षांच्या मुलाची निवड झाली. एकानं सुचवलं, एकीनं अनुमोदन दिलं, आणि अध्यक्षांना शब्दकोशांच्या गठ्ठ्यावर बसवलं.

“अध्यक्ष महोदय, सभा सुरू करायला परवानगी आहे का?”

“मला शू आली,” अध्यक्ष म्हणाले.

ते आल्यावर वाचन सुरू झालं. अश्विनीनं पहिलं वाक्य वाचलं, “प्रवरेला पूर आला...” आणि मागून सातआठ जण ओरडले, “मंजूर! मंजूर!”

“अजून काही विचारलंच नाही मी!”

“आमच्या आजोबाच्या कारखान्याच्या सभंत असंच ओरडायचं असतं,” एकानं समजावून सांगितलं. “आधी मंजूर, मग वाचायचं. येळ वाचतो.”

पण नाजूकराव रस्त्यावर आडवा झाला तसं दुकान गप्प झालं. ठकी पाठीवर चढली तेव्हा मुलं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. पिवळे पट्टे मारताना नाजूकरावला गुदगुल्या होतात तिथं तर काकांनी लिहायचं थांबवून रुमाल काढला. अश्विनीला वाटलं, आता मेले तरी चालेल, पण आधी हे परत एकदा व्हायला हवं. तिनं शेवटचं पान भरभर वाचलं, समाप्त म्हटलं आणि पुस्तक मिटलं.

“विषय क्रमांक पाच,” काका म्हणाले. “ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर अध्यक्षांच्या परवानगीनं चर्चा करणे.”

एकतीस वर्षांत या विषयाखाली कोणी काही बोललं नव्हतं, कारण त्याच्या पुढचा विषय चहा असतो. पण दोन वेण्या घातलेली, नऊ वर्षांची एक मुलगी उठली. नाव दिशा.

“माजी हरकत हाय,” ती म्हणाली. “नाजूकराव रजेचा अर्ज न देता गेला.”

दुकानात कुजबूज झाली.

“तो कामावर हुता का न्हाई? हुता. मग त्याच्या जागेवर आता कोण झोपतंय? कोनीच न्हाई. गाड्या परत जोरात चालल्या आसतील. आन् ठकीला सांगितलं का त्यानं? न्हाई सांगितलं. ती बसली आसंल रस्त्यावर. एकटी. पांढरी.”

एका मुलीनं हुंदका दिला. अश्विनीनं मिटलेलं पुस्तक उचलून दाखवलं.

“अगं, पण पुस्तक छापून झालंय ना, बाळा.”

“सोसायटीचे पोटनियम पन छापलेले असत्यात,” दिशा म्हणाली. “दुरुस्ती हुती त्यांच्यात.”

काकांनी पेनचं टोपण काढलं. एकतीस वर्षं ते या वाक्याची वाट पाहत असावेत. ठराव क्रमांक चार: नाजूकराव यांस आफ्रिकेहून परत आणण्याबाबत. सूचक, दिशा. अनुमोदक, उरलेले सगळे. ठराव सर्वानुमते मंजूर. अध्यक्षांनी त्यावर जांभई दिली, तीही इतिवृत्तात नोंदली गेली.

मग सह्या. अश्विनीनं चाळीस पुस्तकांवर सही केली आणि एका मुलाच्या हाताच्या प्लास्टरवर. प्रत्येक वेळी नाव विचारायची, “प्रिय अमुक, सप्रेम” लिहायची, आणि तिला इतका आनंद व्हायचा की सहीचं शेपूट पान ओलांडून टेबलावर जायचं. फक्त दिशा शेजारी उभी होती आणि प्रत्येकाच्या पुस्तकात सहीखाली आणखी एक ओळ लिहून घेत होती: ‘ठराव क्र. ४ ला अधीन राहून.’

त्याच संध्याकाळी पुण्याहून तिच्या प्रकाशकाचा, अमृतचा, फोन आला.

“अश्विनी, दुसरी आवृत्ती काढतोय. आठवड्यानं, म्हणजे पुढच्या सोमवारी सकाळी मशीनवर चढवतो. काही दुरुस्त्या असतील तर त्याच्या आधी सांग. वेलांट्या वगैरे.”

“आणि पाणघोड्याची असेल तर?”

“पाणघोड्याला काय झालं?”

“तो आफ्रिकेला गेलाय.”

“जाऊ दे की. हे बघ, एक पान वाढवायचं तर फॉर्म वाढतो, म्हणजे सोळा पानं. आहेत सोळा पानं तुझ्याकडे?”

अश्विनीकडे एकही नव्हतं. हेच तर दुखणं होतं. आठवडाभर तिनं फॅटच्या चिठ्ठ्यांच्या मागं शेवट लिहून पाहिले. नाजूकराव विमानानं येतो. विमान उडत नाही. पोहत येतो, वाटेत सुरत लागते, तो तिथंच रमतो. पत्र पाठवतो, ठकीला वाचता येत नाही. आजवर तिला वाटत होतं की आपल्याला शेवट सुचला नव्हता एवढंच. आता वाटू लागलं की आपल्याला शेवट जमतच नाहीत, आणि हे नऊ वर्षांच्या मुलीच्या लक्षात आलंय. सोमवारपर्यंत काही झालं नाही तर तीच चूक आणखी दोन हजार वेळा छापली जाणार होती.

शनिवारी पारनेर. तिथलं दुकान उझ्माचं. खरं तर अर्धं उझ्माचं. उजव्या भिंतीला पुस्तकं आणि डाव्या भिंतीला तिच्या वडिलांच्या, फक्रुद्दीनचाचांच्या, बांगड्या.

“ताई, एकच सांगायचंय,” उझ्मा म्हणाली. “टाळ्या वाजवू देऊ नका. मागच्या कार्यक्रमाला टाळ्या झाल्या, दोन डझन हिरव्या खाली आल्या. अब्बा अजून माझ्याशी बोलत नाहीत.”

“बोलतो की,” चाचा काउंटरमागून म्हणाले. “तिच्याशी बोलतो, ह्या पुस्तकांशी बोलत न्हाई.”

पारनेरच्या मुलांना आवडलं की ती दोन्ही हात वर करून नुसते हलवायची. ठकी पाठीवर चढली तेव्हा पन्नास-साठ हात एकदम हलले. आवाज काहीच नाही. अश्विनीला असं काही बघितल्यावर पुढं वाचताच येईना; ती तीन वेळा तेच वाक्य वाचत राहिली आणि तीन वेळा हात हलले.

शेवटचं पान वाचायची वेळच आली नाही. संगमनेरचं इतिवृत्त मोबाईलवरून केव्हाच पारनेरला पोचलं होतं. बजरंग नावाचा एक काळासावळा मुलगा उभा राहिला.

“आमाला ठराव क्रमांक चार मान्य न्हाई.”

“नाजूकराव परत यायला नको?” अश्विनीच्या जिवात जीव आला.

“यायला पायजे. पन संगमनेरला का? त्यांना नदी हाय, कालवं हायती, सगळं हाय. आमच्याकडं काय हाय? निदान पानघोडा तरी द्या.”

हात हलले. जोरात हलले.

“अरे, पण पाणी नाही म्हणतोस, मग पाणघोडा राहील कुठं?”

बजरंगनं तिच्याकडं, लेखक लोकांना व्यवहार कळत नाही अशा नजरेनं पाहिलं. “मॅडम, तुमी उलटं बघताय. मानसं मागत्यात तवा टँकरला येळ लागतो. पानघोडा उनात बसलाय म्हटल्यावर टीव्हीवाले येतील. दुसऱ्या दिवशी टँकर!”

चाचांनी काउंटरमागून मान डोलावली. “पोरगं बरोबर बोलतंय,” ते पुस्तकांच्या भिंतीकडं बघून म्हणाले.

एकच पाणघोडा, दोन ठराव. आणि तरीही सह्या करताना अश्विनीला ही रांग संपूच नये असं वाटत होतं. एका मुलीनं पुस्तकावर सही घेतली, मग मनगट पुढं केलं. चाचांनी तिच्या हातात दोन हिरव्या बांगड्या भरल्या. नुसती सही घेऊन कोणी जायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

रविवारी तिसगाव. हे दुकान गोजरबाईंच्या पिठाच्या गिरणीत होतं. दळण टाकलं की माणूस अर्धा तास रिकामा बसतो, म्हणून बाईंनी आधी दोन पुस्तकं ठेवली होती. आता भिंत भरली होती. पुस्तक उचललं की आधी फुंकर मारायची. अश्विनी पोचली तेव्हा गिरणी धडधडत होती आणि बाईंच्या भुवया पांढऱ्या होत्या.

“बाजरीच्या दोन पाट्या राहिल्यात,” बाई ओरडून म्हणाल्या. “तेवढं काढते, मंग पट्टा उतरवते, मंग तुमचं काय ते होऊ द्या. आन् ही पलटन कुनाची?”

बाहेर टोमॅटोच्या क्रेटवर बसून आलेली संगमनेरची आठ मुलं टेम्पोतून उतरत होती. पुढं दिशा. मागं बगलेत रजिस्टर धरून राधाकृष्णकाका. त्यांनी अध्यक्षांनाही उचलून आणलं होतं, कारण अध्यक्ष बदलले तर मागचे ठराव धोक्यात येतात. तेवढ्यात एका जीपमधून पारनेरकर उतरले, उझ्मासकट. तिसगावची पोरं आधीच गिरणीत दाटीवाटीनं बसली होती. गोरक्षनाथला बसायला जागा नाही म्हणून वजनकाट्यावर बसवलं. अध्यक्ष एकोणीस किलो भरले.

वाचन झालं, हसणं झालं, पिठाचा धुरळा उडाला, आणि विषय क्रमांक पाच आला.

“संगमनेर!” दिशा म्हणाली.

“पारनेर!” बजरंग म्हणाला.

“आमच्या रस्त्यानं गाड्या बघा कशा पळत्यात!” तिसगावचं एक पोरगं उठलं. “काल कोंबडी गेली आमची. खरी गरज आमाला हाय.”

कोंबडी म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांपुढं ठकी आली आणि जो गोंधळ उठला त्यात काकांची तीन पानं वाया गेली. कोणी पाणघोड्याची वाटणी करा म्हणालं. कोणी पुढचा भाग पारनेरला, मागचा तिसगावला असंही सुचवलं. त्याच्यावर गोजरबाईंनी डोळे वटारले. “मुक्या जनावराबद्दल असलं बोलायचं न्हाई हितं.”

शेवटी दिशा अश्विनीकडं वळली. “मॅडम, तुमी सांगा. तुमच्या मनात काय हुतं?”

सगळी गिरणी बघत होती. अश्विनीनं एक चांगलं वाक्य तयार ठेवलं होतं, लेखक वाचकाला मोकळं सोडतो वगैरे. ते तोंडाशी आलं. समोर अध्यक्ष काट्यावर बसून पाय हलवत होते आणि तेवढ्यानं त्यांचं वजन अठरा-वीस, अठरा-वीस होत होतं. ते बघून तिला खोटं बोलवेना.

“काहीच नव्हतं,” ती म्हणाली. “मला पुढचं सुचलं नाही. आणि पानं संपली होती. म्हणून पाठवला त्याला.”

आता ही पोरं पुस्तकं परत करणार, तिनं मनाची तयारी केली.

“मग तसं सांगायचं ना!” दिशा म्हणाली. “आमाला वाटलं, तुमी मुद्दाम केलं.”

“पानं संपली व्हय?” बजरंग म्हणाला. “बघू.”

त्यानं पुस्तक उघडलं आणि सगळ्या पोरांनी आपापली पुस्तकं उघडली. जागा शोधायची मोहीम सुरू झाली. नावाचं पान लागतं. किंमत लिहिलेलं लागतं, काका म्हणाले. चित्रांना हात लावायचा नाही यावर एकमत झालं. बजरंग उलट्या बाजूनं बघत होता.

“हे कशाला हाय?”

ते ‘लेखिकेविषयी’ होतं. पूर्ण पान. वर अश्विनीचा फोटो, गालाला हात लावलेला, आणि खाली: लेखिकेला वाचनाची, भटकंतीची आणि पावसाची आवड आहे. त्या फोटोसाठी तिनं तीन साड्या बदलल्या होत्या. तिच्या आईनं ते पान लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलं होतं.

“ह्या पानात नाजूकराव कुठंच न्हाई,” दिशा जरा हळू आवाजात म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं. “पावसाची आवड तर समद्यांनाच असती, मॅडम.”

“पारनेरला तर लईच,” बजरंग म्हणाला.

काकांनी पेन वर धरलं आणि अश्विनीकडं पाहिलं. यावर ठराव करायचा तर तिची संमती हवी होती. तिनं फोटोतल्या बाईकडं पाहिलं. बाई फार खोल विचारात दिसत होती. प्रत्यक्षात ती फोटोग्राफरला विचारणार होती, दादा, अजून किती वेळ?

“हे पान काढू,” अश्विनी म्हणाली, “पण शेवट तुम्ही इथं बसून मला सुचू द्यायचा. एकेकानं बोलायचं.”

एकेकानं कोणी बोललं नाही. सगळे एकदम बोलले. अश्विनी गोणीवर बसली, गोजरबाईंच्या दळणाच्या चिठ्ठ्यांवर लिहीत गेली, खोडत गेली, आणि मधेच लिहायची थांबून एकटीच खी खी हसली. आठवडाभर जे पान हलत नव्हतं, ते पाऊण तासात झालं. मग ती उभी राहिली. केसांत पीठ, कानावर पीठ.

“‘बोट सुटणार, इतक्यात कप्तानानं विचारलं, नाजूकराव, तुझ्या जागेवर आता कोण आडवं झालंय? नाजूकराव म्हणाला, कोणीच नाही. हे त्याच्या स्वतःच्याच कानावर पडलं आणि तो उठला. तो उतरला तशी बोट चार फूट वर आली. मुंबईपासून तो चालत निघाला. जिथं गाड्या जोरात होत्या तिथं थोडा आडवा झाला. तेव्हापासून तो फिरता गतिरोधक आहे. चार महिने पारनेर, चार महिने तिसगाव, चार महिने संगमनेर. पारनेरला त्याच्यासाठी टँकर येतो. तो अर्धा पितो आणि अर्धा ठेवतो. आणि ठकी? ठकी त्या दिवशीही पाठीवरच होती. बोटीत चढताना तिला कोणी उतरवलंच नव्हतं.’”

कोणी मंजूर म्हटलं नाही. मग पारनेरच्या पोरांचे हात वर गेले आणि हलू लागले, ते बघून तिसगावचे, मग संगमनेरचे, आणि शेवटी गोजरबाईंचे, बाजरीच्या पिठानं भरलेले.

अश्विनीनं तिथूनच अमृतला फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं.

“आणि तुझं पान काढायचं?” अमृत म्हणाला. “अगं, तू कोण आहेस हे लोकांना कळणार कसं?”

“इथं सगळ्यांना कळलंय.”

अमृतनं आवाज खाली आणला. “म्हणजे कोंबडी सुखरूप आहे?”

“आहे.”

“मग काढ. मला पहिली आवृत्ती निघाल्यापासून तिचीच काळजी होती.”

फोन ठेवला तर समोर रांग लागलेली. दुसरी आवृत्ती सोमवारनंतर येणार होती, पण पोरांच्या हातात पहिलीच होती, आणि तिच्यात नाजूकराव अजून बोटीत होता. प्रत्येकाला नवा शेवट आपल्या पुस्तकात हवा होता, हातानं लिहिलेला, आत्ता. सही नको, शेवट द्या, असं दिशानं रांगेत पुढं उभं राहून जाहीर केलं.

अश्विनीनं मांडीवर पुस्तक घेतलं आणि ‘लेखिकेविषयी’ उघडलं. खाली जागा थोडी होती, म्हणून ती समासातून गेली, पावसाच्या आवडीच्या दोन ओळींमधून गेली, आणि तरी पुरेना तेव्हा सरळ फोटोवर चढली. कप्तान तिच्या कपाळावर बोलला. बोट भुवयांपाशी वर आली. नाजूकराव नाकावरून खाली उतरला आणि हनुवटीवरून पारनेरच्या दिशेनं चालू लागला.

सहा पुस्तकं झाली. बोटं दुखायला लागली होती आणि रांग गिरणीच्या दाराबाहेर, टेम्पोला वळसा घालून गेली होती. तिनं सातवं हातात घेतलं. ते तिसगावच्या त्या पोराचं होतं, काल कोंबडी गेलेल्या.

“मॅडम,” ते वाकून म्हणालं, “माज्यात जरा हळू चालवा त्याला. मुंबैपासून आलाय, पाय दुकत आसतील.”